संसदीय कामकाजाचे ऑनलाइन चित्रप्रक्षेपण

संसदीय कामकाजाचे ऑनलाइन चित्रप्रक्षेपण म्हणजे कायदेमंडळाच्या बैठकींचे दृक्‌श्राव्य चित्रण आंतरजालावरून थेट दाखवणे आणि त्याच्या चित्रफिती नंतर कोणालाही पाहता येतील अशा रीतीने जतन करणे होय. दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण ठरलेल्या वेळी एकदाच पाहता येते. ऑनलाइन चित्रफीत मात्र हव्या त्या वेळी उघडता येते, थांबवता येते आणि तिच्यातील नेमका भाग दुसऱ्याला पाठवता येतो. भारतात संसदेच्या दोन्ही सभागृहांचे कामकाज संसद टीव्ही ही वाहिनी, तिची यूट्यूबवरील खाती आणि संसदेचे संकेतस्थळ यांद्वारे पाहता येते.

कामकाज केवळ दाखवले म्हणजे ते जनतेला उपलब्ध झाले, असे होत नाही. हवे ते भाषण सापडणे, ते समजणाऱ्या भाषेत ऐकता येणे, कर्णबधिर व्यक्तींना ते वाचता येणे आणि कॅमेरा कोणाच्या ताब्यात आहे हे ठाऊक असणे या बाबींवर प्रक्षेपणाची खरी उपयुक्तता अवलंबून असते.

## पार्श्वभूमी

कायदेमंडळात काय बोलले गेले हे बाहेर सांगण्याचा हक्क सहजासहजी मिळालेला नाही. ब्रिटिश संसद आपल्या चर्चेचे वृत्त छापणे हा स्वतःच्या विशेषाधिकाराचा भंग मानत असे. १७७१ मध्ये वृत्तपत्रांच्या मुद्रकांविरुद्ध केलेल्या कारवाईवरून लंडन शहराचे अधिकारी आणि हाउस ऑफ कॉमन्स यांच्यात संघर्ष झाला. त्यानंतर ही बंदी प्रत्यक्षात अमलात आणली गेली नाही. पुढे चर्चेच्या अहवालांना 'हॅन्सर्ड' हे नाव रूढ झाले.

भारतात फिरोज गांधी यांनी मांडलेल्या खाजगी विधेयकातून 'संसदीय कार्यवाही (प्रकाशन संरक्षण) अधिनियम, १९५६' संमत झाला. संसदेच्या कामकाजाचे सारतः खरे वृत्त द्वेषबुद्धीने नव्हे तर लोकहितासाठी प्रसिद्ध केले असेल, तर त्याबद्दल खटला भरता येणार नाही, अशी त्यात तरतूद होती. आणीबाणीच्या काळात हा कायदा रद्द करण्यात आला. १९७७ मध्ये जनता पक्षाच्या सरकारने तशाच स्वरूपाचा कायदा पुन्हा आणला. चव्वेचाळीसाव्या घटनादुरुस्तीने (१९७८) राज्यघटनेत अनुच्छेद ३६१क समाविष्ट होऊन या संरक्षणाला घटनात्मक आधार मिळाला आणि ते राज्यांच्या विधिमंडळांनाही लागू झाले. गुप्त बैठकींच्या वृत्ताला मात्र हे संरक्षण नाही.

सभागृहातील प्रेक्षक सज्जात मोजक्याच लोकांना प्रवेश मिळतो. त्यासाठी प्रवेशपत्र लागते आणि दिल्लीपर्यंतचा प्रवासही करावा लागतो. प्रक्षेपणामागील मूळ कल्पना या सज्जाचा विस्तार करण्याची आहे.

## भारतातील वाटचाल

### दूरदर्शनचा काळ

संसदेतील निवडक कामकाजाचे दूरदर्शनवरून थेट प्रक्षेपण २० डिसेंबर १९८९ रोजी सुरू झाले. त्या दिवशी राष्ट्रपती रा. वेंकटरमण यांचे दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीपुढील अभिभाषण दाखवण्यात आले. १९९२ पासून रेल्वे व सर्वसाधारण अर्थसंकल्पाचे सादरीकरण थेट दाखवले जाऊ लागले. १९९४ मध्ये संसद भवनात कमी क्षमतेचे प्रक्षेपक यंत्र बसवून लोकसभेचे संपूर्ण कामकाज प्रसारित करण्यास सुरुवात झाली, परंतु ते दिल्लीच्या मर्यादित परिसरातच दिसत असे. त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून प्रश्नोत्तराचा तास देशभर दाखवला जाऊ लागला. एका आठवड्यात एका सभागृहाचा तास दूरदर्शनवर आणि दुसऱ्याचा आकाशवाणीवर, पुढील आठवड्यात याच्या उलट, अशी ही व्यवस्था होती.

### स्वतंत्र वाहिन्या

डिसेंबर २००४ मध्ये दोन्ही सभागृहांसाठी उपग्रहाद्वारे प्रसारित होणाऱ्या स्वतंत्र वाहिन्या सुरू झाल्या. सोमनाथ चटर्जी लोकसभेचे अध्यक्ष असताना जुलै २००६ मध्ये लोकसभा सचिवालयाच्या मालकीची 'लोकसभा टीव्ही' ही वाहिनी सुरू झाली, तर 'राज्यसभा टीव्ही' २०११ मध्ये सुरू झाली. २२ जुलै २००८ रोजी विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी काही सदस्यांनी सभागृहात नोटांची पुडकी दाखवली. ते दृश्य लोकसभा टीव्हीवरून थेट प्रसारित झाले आणि सभागृहातील घटना त्याच क्षणी देशभर पोहोचू शकते हे स्पष्ट झाले.

या दोन वाहिन्यांचे विलीनीकरण होऊन १५ सप्टेंबर २०२१ रोजी, म्हणजे आंतरराष्ट्रीय लोकशाही दिनी, 'संसद टीव्ही'चे उद्‌घाटन झाले. अधिवेशन चालू असताना तिच्या दोन स्वतंत्र वाहिन्यांवर लोकसभा व राज्यसभा यांचे कामकाज एकाच वेळी दाखवले जाते.

### आंतरजालावर

वाहिन्यांवरील प्रक्षेपणाबरोबरच संकेतस्थळावरून आणि यूट्यूबवरून कामकाज दाखवले जाऊ लागल्याने सदस्यांची भाषणे सुट्या चित्रफितींच्या रूपात समाजमाध्यमांवर फिरू लागली. सदस्य व राजकीय पक्ष स्वतःच्या भाषणांचे तुकडे मतदारांपर्यंत पोहोचवतात, तर वृत्तसंस्था त्यांचा बातम्यांसाठी वापर करतात.

खाजगी कंपनीच्या व्यासपीठावर अवलंबून राहण्यातील धोका १५ फेब्रुवारी २०२२ रोजी समोर आला. त्या दिवशी संसद टीव्हीच्या यूट्यूब खात्यात हल्लेखोरांनी शिरकाव करून त्याचे नाव बदलले आणि काही काळ खाते उपलब्ध नव्हते. नंतर ते पूर्ववत करण्यात आले. सार्वजनिक अभिलेखाची प्रत संसदेच्या स्वतःच्या संग्रहातही असणे का आवश्यक आहे, हे या प्रसंगातून दिसते.

## कार्यपद्धती

सभागृहात ठिकठिकाणी बसवलेले कॅमेरे नियंत्रण कक्षातून दूरनियंत्रणाने हलवले जातात. बोलणाऱ्या सदस्याच्या आसनावरील ध्वनिक्षेपक चालू झाला की संबंधित कॅमेरा त्याच्याकडे वळवला जातो. कक्षातील निर्माता वेगवेगळ्या कॅमेऱ्यांपैकी एकाचे चित्र निवडतो, सदस्याचे नाव व मतदारसंघ पडद्यावर येतो आणि हे एकच चित्र वाहिनीकडे व आंतरजालाकडे जाते. म्हणजेच प्रेक्षकाला सभागृह दिसत नाही, तर सभागृहाचे निवडलेले चित्र दिसते.

ऑनलाइन प्रक्षेपणात हे चित्र संकुचित करून काही सेकंदांच्या लहान तुकड्यांत विभागले जाते. प्रत्येक तुकडा कमी-अधिक दर्जाच्या अनेक आवृत्त्यांत तयार असतो. प्रेक्षकाच्या जोडणीचा वेग कमी झाला तर त्याला आपोआप कमी दर्जाची आवृत्ती मिळते आणि प्रक्षेपण खंडित होत नाही. ग्रामीण भागात मोबाइलवर कामकाज पाहणाऱ्यांच्या दृष्टीने ही सोय महत्त्वाची ठरते.

## चित्रफीत आणि प्रतिवृत्त यांची सांगड

सतराव्या लोकसभेच्या (२०१९–२०२४) २७४ बैठका झाल्या आणि कामकाज सुमारे १,३५० तास चालले. रोज आठ तास पाहिले तरी एवढे चित्रण पाहण्यास साडेपाच महिने लागतील. आपल्या तालुक्यातील पाणीप्रश्नावर किंवा पीकविम्यावर खासदार काय बोलले, हे शोधणाऱ्या नागरिकाला अखंड आठ तासांची चित्रफीत फारशी उपयोगी पडत नाही.

शब्दशः अहवाल, म्हणजेच प्रतिवृत्त, याच्या नेमके उलट असते. ते शोधता येते व उद्धृत करता येते, परंतु त्यात आवाज, विराम, गोंधळ आणि हावभाव उतरत नाहीत. दोन्ही एकमेकांना जोडले तर एकाची उणीव दुसरा भरून काढतो. यासाठी पुढील गोष्टी कराव्या लागतात:

* समयचिन्हे: प्रत्येक भाषण चित्रफितीत कोणत्या तासाला, मिनिटाला व सेकंदाला सुरू होते याची नोंद.
* वर्णनात्मक माहिती: सदस्याचे नाव, मतदारसंघ, पक्ष, विधेयकाचे नाव, प्रश्नाचा क्रमांक आणि कामकाजाचा प्रकार, जसे की प्रश्नोत्तराचा तास, शून्य प्रहर किंवा एखाद्या नियमाखालील चर्चा.
* स्थिर दुवा: काही वर्षांनंतरही तोच भाग उघडेल असा कायमचा पत्ता.
* खुला वापर: विद्यार्थी, पत्रकार व संशोधक यांना तो भाग कापून घेण्याची व पुन्हा वापरण्याची स्पष्ट परवानगी.

ब्रिटनमध्ये हे काम प्रथम नागरिकांनी हाती घेतले. तेथील खासदारांची भाषणे व मतदान यांची माहिती देणाऱ्या 'दे वर्क फॉर यू' या संकेतस्थळाने २००८ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सच्या चित्रफिती हॅन्सर्डमधील भाषणांशी जोडण्यासाठी स्वयंसेवकांना आवाहन केले. स्वयंसेवकाने चित्रफीत पाहायची आणि समोर दिलेले भाषण सुरू होताच एक कळ दाबायची, एवढेच त्याचे काम होते. अशा हजारो छोट्या नोंदींतून लिखित भाषणाशेजारी त्याचे चित्रण दिसू लागले.

भारतात संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात पहिल्या लोकसभेपासूनची प्रतिवृत्ते उपलब्ध आहेत, तर 'डिजिटल संसद' या संकेतस्थळावर दोन्ही सभागृहांची माहिती एकत्र मिळते. ताजी प्रतिवृत्ते प्रथम असुधारित स्वरूपात येतात आणि तपासणीनंतर अंतिम होतात. यामुळे चित्रफीत आणि अंतिम मजकूर यांत किरकोळ शाब्दिक फरक आढळू शकतो.

## भाषा आणि सुगम्यता

राज्यघटनेच्या अनुच्छेद १२० नुसार संसदेचे कामकाज हिंदी किंवा इंग्रजीतून चालते. या भाषांतून पुरेसे व्यक्त होऊ न शकणाऱ्या सदस्याला पीठासीन अधिकारी मातृभाषेतून बोलण्याची परवानगी देऊ शकतात. लोकसभेत हिंदी व इंग्रजीखेरीज मराठीसह दहा भाषांतून समांतर भाषांतराची सोय होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये अध्यक्ष ओम बिर्ला यांनी त्यात बोडो, डोगरी, मैथिली, मणिपुरी, उर्दू आणि संस्कृत या सहा भाषांची भर घातल्याचे जाहीर केले.

युरोपीय संसदेच्या ऑनलाइन प्रक्षेपणात प्रेक्षक संघाच्या २४ अधिकृत भाषांपैकी हव्या त्या भाषेतील भाषांतर निवडू शकतो. सभागृहात बसलेल्या सदस्याच्या कानात जाणारा दुभाष्याचा आवाज घरी बसलेल्या प्रेक्षकालाही देणे तांत्रिकदृष्ट्या शक्य असते, हे या व्यवस्थेतून दिसते.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या २०१६ च्या कायद्यातील कलम ४२ नुसार दृक्‌श्राव्य माध्यमांतील आशय सांकेतिक भाषा, उपशीर्षके व ध्वनिवर्णन यांद्वारे सुगम करण्यासाठी शासनाने उपाययोजना करणे अपेक्षित आहे. उपशीर्षकांचा उपयोग केवळ कर्णबधिरांना होत नाही, त्यांच्यामुळे चित्रफितीतील शब्द शोधताही येतात. यंत्राने तयार केलेली उपशीर्षके सलग भाषणात बऱ्यापैकी अचूक असतात, परंतु अनेक सदस्य एकदम बोलत असताना किंवा एकाच वाक्यात दोन भाषा मिसळल्या असताना ती चुकतात. प्रतिवेदकांनी तयार केलेल्या मजकुराशी ती पडताळून पाहणे हा त्यावरील खात्रीचा उपाय आहे.

## कॅमेऱ्यावरील नियंत्रण

बहुतेक देशांत सभागृहातील कॅमेरे संसदेच्याच ताब्यात असतात. बोलणारा सदस्य किंवा पीठासीन अधिकारी यांच्यावरच कॅमेरा ठेवावा आणि गोंधळाची दृश्ये टाळावीत, असा सर्वसाधारण संकेत असतो. कॅनडात ऑक्टोबर १९७७ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सचे प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा ते 'इलेक्ट्रॉनिक हॅन्सर्ड' असावे, म्हणजे अधिकृत अहवालाइतकेच तटस्थ असावे, हे तत्त्व स्वीकारण्यात आले.

या संकेताच्या समर्थकांच्या मते, गोंधळाला प्रसिद्धी मिळाली तर तो वाढतो. टीकाकारांच्या मते, सदस्य अध्यक्षांच्या आसनासमोरील हौद्यात उतरून घोषणा देत असताना पडद्यावर केवळ अध्यक्ष दिसत राहिले, तर सभागृहात घडलेली घटना अभिलेखातून नाहीशी होते. ऑगस्ट २०२३ मध्ये अविश्वासाच्या ठरावावरील राहुल गांधी यांच्या भाषणाच्या मोठ्या भागात कॅमेरा अध्यक्षांवर ठेवण्यात आला, असा आक्षेप काँग्रेसने घेतला होता.

प्रक्षेपण पूर्णपणे थांबण्याची लक्षणीय घटना १८ फेब्रुवारी २०१४ रोजी घडली. तेलंगण राज्याच्या निर्मितीसाठीचे आंध्र प्रदेश पुनर्रचना विधेयक लोकसभेत मंजूर होत असताना लोकसभा टीव्हीवरील थेट प्रक्षेपण बंद होते. तांत्रिक बिघाड हे त्याचे कारण सांगण्यात आले, तर विरोधकांनी ते हेतुतः बंद केल्याचा आरोप केला.

अमेरिकेत प्रतिनिधिगृहाचे प्रक्षेपण १९ मार्च १९७९ रोजी सुरू झाले. केबल उद्योगाच्या निधीवर चालणारी 'सी-स्पॅन' ही ना-नफा संस्था ते प्रसारित करते, परंतु कॅमेरे सभागृहाचे कर्मचारीच चालवतात. मे १९८४ मध्ये अध्यक्ष टिप ओनील यांनी कॅमेरा संपूर्ण सभागृहावरून फिरवण्याचा आदेश दिला, तेव्हा रिपब्लिकन सदस्य रिकाम्या बाकांसमोर भाषणे करीत असल्याचे प्रेक्षकांना दिसले. यावरून मोठा वाद झाला. २२ जून २०१६ रोजी बंदूक नियंत्रणाच्या मागणीसाठी डेमोक्रॅटिक सदस्यांनी सभागृहात ठिय्या दिला. त्या वेळी सभागृह तहकूब असल्याने अधिकृत कॅमेरे बंद होते. सदस्यांनी मोबाइलवरून थेट चित्रण सुरू केले आणि सी-स्पॅनने तेच प्रसारित केले. पुढील जानेवारीत सभागृहात चित्रण करणाऱ्या सदस्यांना दंड करण्याचा नियम संमत झाला.

भारतातही सदस्यांना सभागृहात स्वतः चित्रण करण्यास मनाई आहे. महाराष्ट्रातील राज्यसभा सदस्य रजनी पाटील यांना कामकाजाचे मोबाइलवर चित्रण करून ते प्रसारित केल्याच्या कारणावरून १० फेब्रुवारी २०२३ रोजी निलंबित करण्यात आले. हे निलंबन ऑगस्ट २०२३ मध्ये मागे घेण्यात आले.

## वगळलेला मजकूर आणि विशेषाधिकार

लोकसभेच्या नियम ३८० अन्वये बदनामीकारक, असभ्य, असंसदीय किंवा अप्रतिष्ठित शब्द कामकाजातून वगळण्याचा अधिकार अध्यक्षांना आहे. राज्यसभेच्या नियमांतही तशी तरतूद आहे. वगळलेला मजकूर प्रसिद्ध करणे विशेषाधिकाराच्या कक्षेत येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मधील 'सर्चलाइट' प्रकरणात मान्य केले. पाटण्याच्या या वृत्तपत्राने बिहार विधानसभेत वगळण्यात आलेल्या भाषणासह वृत्त छापले होते.

छापील वृत्ताच्या काळात वगळण्याचा आदेश आणि प्रकाशन यांमध्ये काही तासांचे अंतर असे. थेट प्रक्षेपणात हे अंतर उरत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरील चर्चेत लोकसभेत राहुल गांधी आणि राज्यसभेत मल्लिकार्जुन खर्गे यांच्या भाषणांतील काही भाग वगळण्यात आले. तोपर्यंत ही भाषणे असंख्य प्रेक्षकांनी पाहिली होती. अशा वेळी अधिकृत प्रतिवृत्त आणि लोकांजवळील चित्रफीत यांत तफावत राहते. चित्रफीत पुढे पाठवणाऱ्या सामान्य नागरिकाला कोणते शब्द वगळले गेले याची बहुधा कल्पनाही नसते.

चित्रणाच्या पुनर्वापरावर वेगळ्या प्रकारची बंधनेही आढळतात. ब्रिटनमध्ये संसदेचे चित्रण राजकीय उपहासाच्या कार्यक्रमांत वापरण्यास मनाई आहे. या कारणाने २०११ मध्ये 'द डेली शो' या अमेरिकी कार्यक्रमाचा एक भाग तेथे दाखवला गेला नाही.

## समित्यांचे कामकाज

विधेयके व अर्थसंकल्पीय मागण्यांची बारकाईने तपासणी समित्यांमध्ये होते. भारतीय संसदेत खात्यांशी संबंधित २४ स्थायी समित्या आहेत. लोकसभेच्या नियम २६६ प्रमाणे समित्यांच्या बैठका खाजगी असतात, म्हणून त्यांचे प्रक्षेपण होत नाही. जनतेपुढे येतो तो समितीचा अहवाल. बंद दाराआड सदस्य पक्षभेद बाजूला ठेवून मोकळेपणाने बोलतात, हे या पद्धतीचे समर्थन आहे. दुसरीकडे, ब्रिटिश संसदेच्या समित्या व अमेरिकी काँग्रेसच्या समित्या यांच्या बहुतांश साक्षी ऑनलाइन पाहता येतात. मंत्री, अधिकारी व तज्ज्ञ यांना विचारलेले प्रश्न तेथे लोकांसमोरच विचारले जातात. साक्षी खुल्या आणि अंतर्गत विचारविनिमय खाजगी, असा मधला मार्गही त्यातून दिसतो.

## राज्यांची विधिमंडळे

शाळा, आरोग्य, शेती, पोलीस यांसारखे रोजच्या जीवनाशी निगडित विषय प्रामुख्याने राज्यांच्या अखत्यारीत येतात. महाराष्ट्र विधानमंडळाची अधिवेशने मुंबईत आणि हिवाळी अधिवेशन सामान्यतः नागपूर येथे होते. गडचिरोली किंवा सिंधुदुर्गातील नागरिकाला सज्जात बसणे क्वचितच शक्य असते. विधानसभा व विधानपरिषदेचे कामकाज ऑनलाइन थेट दाखवले जाते आणि ते प्रामुख्याने मराठीत चालत असल्याने लक्षवेधी सूचना, तारांकित प्रश्न व त्यांवरील मंत्र्यांची उत्तरे मराठी प्रेक्षकाला भाषांतराविना समजतात. गोवा विधानसभेतील कोकणी, मराठी व इंग्रजीतील भाषणेही ऑनलाइन पाहता येतात. केरळ विधानसभेने २०२० मध्ये 'सभा टीव्ही' सुरू केला. राज्य विधिमंडळांचे कामकाज कागदविरहित करण्यासाठीच्या 'राष्ट्रीय ई-विधान' या प्रणालीमुळे प्रश्न, उत्तरे व कार्यक्रमपत्रिका डिजिटल स्वरूपात उपलब्ध होतात. त्यांना चित्रफितींची जोड देणे त्यामुळे सोपे होऊ शकते.

## मूल्यमापन

ऑनलाइन प्रक्षेपणाचे समर्थक उत्तरदायित्वावर भर देतात. प्रतिनिधी काय बोलला हे मतदाराला वृत्तपत्राच्या किंवा पक्षाच्या मध्यस्थीशिवाय पाहता येते, तसेच नागरिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला विधेयकाची पहिली मांडणी ते मतदान हा क्रम प्रत्यक्ष दिसतो. सी-स्पॅनने २०१० मध्ये १९८७ पासूनचा आपला चित्रसंग्रह आंतरजालावर विनामूल्य खुला केला. त्यानंतर जुनी भाषणे शब्दांवरून शोधणे आणि त्यांचे तुकडे काढणे शक्य झाले.

टीकाकारांचे आक्षेप मुख्यतः दोन आहेत. पहिला असा, की कॅमेऱ्यामुळे सदस्य सभागृहाऐवजी बाहेरच्या प्रेक्षकांना उद्देशून बोलतात आणि चर्चेची जागा लहान, चुरचुरीत वाक्ये घेतात. दुसरा असा, की संदर्भ तोडलेल्या तुकड्यांमुळे गैरसमज पसरतात. दुसऱ्या आक्षेपावरचा उपाय चित्रण रोखणे हा नसून प्रत्येक तुकड्यामागे संपूर्ण भाषणाचा व प्रतिवृत्ताचा दुवा सहज मिळणे हा आहे, असे खुल्या माहितीचे पुरस्कर्ते मानतात. मूळ चित्रण शोधता येत असेल तर वीस सेकंदांचा तुकडा खरा की अर्धवट हे कोणीही पडताळू शकतो. ते सापडत नसेल तर तुकडा बनवणाऱ्यावर विश्वास ठेवण्यावाचून प्रेक्षकाला पर्याय राहत नाही.

## हे सुद्धा पहा

* भारतीय संसद
* लोकसभा
* राज्यसभा
* संसद टीव्ही
* महाराष्ट्र विधानमंडळ
* संसदीय विशेषाधिकार
* माहितीचा अधिकार